गप्प बसली म्हणून होकार

ये वं प्रज्ञा, जवळ ये. कागदावरून बोलून राह्यली म्हणून काय झालं, खुर्ची ओढ अन् बस. रागावली आहेस, कबूल. पण मोताळ्याहून मलकापूरला येतेस, माझ्या गल्लीच्या तोंडावरून जातेस आणि दार वाजवत नाहीस? पाहिलं मी तुला. रागावायचं तर घरात येऊन रागाव की. असं रस्त्यानं मान वळवून जाणं शोभत नाही तुला. आता ऐक. मधात बोलू नको.

एक आधीच सांगते. लिहिताना मी पुस्तकी लिहिते. हयात टायपिंग क्लास चालवण्यात गेली, बोटांना तेच वळण आहे. तोंडाचं वळण वेगळं. आणि सगळं त्या तोंडावरूनच सुरू झालं.

रविवारची बैठक होती. स्क्रीनवर चेहऱ्यांचे चौकोन. आपली ही शाळांसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम, लोकांनी मिळून बनवलेली, फुकट, कोणीही उघडून आतलं पाहावं अशी. तिचं धोरण ठरत होतं. सर बोलत होते. धोरण समितीचे प्रमुख, पुण्याचे. मी माइक सुरू केला. म्हटलं, "मले वाटते, जुना रनटाइम एकदम काढाचा नाई. ज्यायचे प्रोग्राम त्याच्यावर चालतात, त्यायले आधी पुसा."

बाजूच्या चौकटीत कोणीतरी लिहिलं, "मले बी वाटते." खाली एक हसरा चेहरा. मग दुसरा. मग रांगच लागली.

सरांनी ते वाचलं. हसू दाबलं. कॅमेऱ्यात दाबलेलं हसू जास्तच दिसतं. मग म्हणाले, "काकू, हे धोरण आहे. भिशीची मीटिंग नाही."

काकू. बाकीच्यांना नावानं बोलवत होते. काल आलेल्या पोरालाही नाव होतं. मी इतकी वर्षं मराठी कीबोर्ड सांभाळते, शाळेचे प्रोग्राम कोणत्याही मशीनवर नीट बसावेत म्हणून त्यांची पॅकेजं बांधते. मी काकू.

मी माइक बंद केला. हे लक्षात ठेव. त्यांनी नाही केला. मी केला.

आता हे तू सोडून दुसरंही कोणी वाचेल, म्हणून सांगते. प्रोग्राम म्हणजे दळण धरा. रनटाइम म्हणजे गिरणी. धान्य कितीही निवडून ठेवा, गिरणी बंद तर पीठ नाही. प्रोग्राम कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहिला, त्या भाषेची गिरणी मशीनवर पाहिजे. आपल्याकडे एका भाषेच्या दोन गिरण्या झाल्या होत्या, एक जुनी आणि एक नवी. जुनी जिथं बनते, तिथल्यांनीच तिची दुरुस्ती सोडून दिली होती. तिच्यात फटी होत्या, बाहेरच्या कोणी हात घालावा अशा. सरांचा मसुदा असा की प्रत्येक भाषेची एकच गिरणी ठेवायची, नवी. जुनीवर चालणारा प्रोग्रामही तिच्यासोबत जाईल. आणि कोणी आपल्या दळणासोबत आपली गिरणी बांधून आणायची नाही.

मसुदा बरोबर होता. आजही बरोबर आहे. मी एवढंच म्हणत होते की आधी विचारा.

आता आमच्या कामाची रीत सांगते. मसुदा ठराविक मुदत सगळ्यांसमोर ठेवायचा. त्या मुदतीत हरकत आली नाही तर तो सगळ्यांना मान्य. गप्प म्हणजे होकार. रीत वाईट आहे असं तेव्हा वाटलं नाही. सगळे फावल्या वेळात काम करणारे, एकेकाच्या उत्तराची वाट पाहत बसलं तर काहीच हलणार नाही. माझेही कीबोर्डचे बदल मी असेच मंजूर करून घेतलेत.

ही रीत तरी मी ओळखायला पाहिजे होती. मला पाहायला आले, तेव्हा मी पोह्यांच्या बशीकडे पाहत बसले होते. आत्या म्हणाली, "पोरगी गप हाये म्हंजे हाव हाये." झालं लग्न.

मुदत सुरू झाली. मी हरकत लिहिली. 'मले' खोडून 'मला' केलं. मोठ्यानं वाचून पाहिलं, तर ते हसरे चेहरे दिसले. सगळी पुस्तकी करून लिहिली. मग ती दुसऱ्या कोणाची वाटायला लागली. पुसली. परत लिहिली. परत पुसली. असं करता करता मुदत गेली. 'एकमताने मंजूर' असं जाहीर झालं. त्या एकमतात मी होते.

आणि तुला मी कळवलंही नाही. कळवलं असतं तर कसं काय ठरलं हे सांगावं लागलं असतं. बैठकीत काय झालं ते सांगावं लागलं असतं. माझी लाज वाचवली मी. तुझा प्रोग्राम नाही वाचवला.

तुझा तो प्रोग्राम. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आवाजात गोष्टी, आवाज जसा पुढं जाईल तसा स्क्रीनवर शब्द उजळत जातो, पोरं बोट ठेवून वाचतात. माझ्या क्लासमध्ये शिकलीस, पण लिहिलास तुझा तू. मी फक्त पॅकेज बांधलं. आणि अपडेट टाळू नको हे मीच तुला घोकून घोकून सांगितलेलं. तू टाळलं नाहीस. स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर तुझ्या शाळेची सगळी मशीनं अपडेट केलीस, पालकांची सभा म्हणून. जुना रनटाइम निघाला. त्याच्यासोबत तुझा प्रोग्राम.

सभेत काय झालं ते तू त्या रात्री फोनवर सांगितलंस, तसंच लिहिते. आवाज देणारी म्हातारी नवं लुगडं नेसून पुढं बसली होती. तू मशीन लावलं. काही नाही. दुसरं लावलं. काही नाही. शाळा समितीतला एक जण मागून म्हणाला, "यायच्या हातात देल्लं का हेच होते."

यायच्या. म्हणजे कोणाच्या, हे त्या खोलीत कोणाला विचारावं लागलं नाही. तुझ्या घरी बुद्धवंदना होते हे गावाला माहीत आहे. प्रोग्राम का पडला हे कोणाला माहीत नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात आलीस. चप्पलसुद्धा काढली नाहीस.

"मावशी, तुमाले मालूम होतं का?"

"हाव."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"मले हसले वं ते."

तू हळू म्हणालीस, "फक्त हसले?"

आणि गेलीस.

त्या दोन शब्दांनी माझी झोप नाही, माझी सगळी समजूत मोडली. मी स्वतःला अपमान झालेली बाई समजत होते. होतेच. पण माझ्या बोलीवर हसले तर मी घरात येऊन दार लावून बसले. माझ्या पाठीशी भावाची शेती आहे, माहेरचं आडनाव आहे. तू भरल्या सभेत उभी होतीस. तुला लावायला दारच नव्हतं.

आणि तो शब्द मी काही पहिल्यांदा ऐकला नव्हता. 'यायच्या' माझ्या माहेरच्या ओसरीवर रोजचा होता. बाप बोलायचा, भाऊ बोलतो. मी ताक देऊन आत यायची. काही बोलायची नाही. तिथंही माझं गप्प राहणं होकारात धरलं गेलं असणार. आणि बरोबरच धरलं. वाईट वाटत होतं मनात, पण मनातलं कोण मोजतं?

पुढची बैठक आली. सरांनी दुसऱ्या एका भाषेचा रनटाइम घेतला, तोही जुना काढायचा. म्हणाले, "मागचं धोरण एकमताने झालं, हेही होईल."

मी माइक सुरू केला. "एकमत नव्हतं. मी गप होती."

कोणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "हसून घ्या. मी थांबून राह्यली."

सर म्हणाले, "काकू, मुदतीत हरकत आली नाही. नियमाप्रमाणे तो होकारच."

"नियम मले मालूम हाये. रनटाइमचा निर्णय बरोबर हाये, तेही मालूम हाये. त्याच्यावर माहं भांडण नाई. पन कोनाचं चालतं काम बंद कराचं असन, तं त्याचं गप राहनं हो म्हून धराचं नाई. त्याचा जबाब घ्या. जबाब आला नाई तं फोन करा. फोन लागला नाई तं थांबा."

"असं केलं तर काहीच पुढे जाणार नाही."

"मंग हळू जाईन."

"काकू, भावनिक होऊ नका."

"मी हरकत नोंदवून राह्यली. अन् काकू नोका म्हनू. बाकीच्यायले नावानं बोलवता, मलेही नावानं बोलवा."

कोणी काही बोलेना. मी म्हटलं, "आता सारे गप हायेत. मंजूर धरू का?"

या वेळी कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "विचार करू." आणि पुढचा विषय घेतला.

मंजूर झालं नाही. रीत तशीच आहे. माझी हरकत नोंदीत आहे, मी बोलले तशीच्या तशी, 'मले'सकट. त्यांनी शुद्ध करून टाकली होती. मी परत बदलायला लावली.

तुझा प्रोग्राम नव्या रनटाइमवर न्यायला मी बसले होते. थोडा नेलाही. मग हात थांबला. तुला न विचारता काढला त्यांनी, न विचारता चालू करणार मी. फरक काय राहिला? फाइल बंद करून ठेवली. तू म्हणशील तसं. नको म्हणालीस तर तेही ऐकीन.

माफी मागाले नाई बोलवून राह्यली तुले. माफी मागतली का मानूस हलका होते, अन् मले हलकं नाई व्हाचं. तुह्या शाळा समितीपुढं उभं राहून सांगाचं हाये, का मशीन बंद पडलं ते आमच्या धोरनानं, अन् मले मालूम असून मी गप बसली म्हून. तू संगं ये म्हनशीन तं येईन. एकटीनं जा म्हनशीन तं एकटी जाईन. माहेरच्या ओसरीवर तो शब्द निंगाला तं तिथंच टोकीन, मंग भाऊ बोलना सोडो का माहेर तुटो. अन् बैठकीत दर बारीले हरकत घेईन. थकतीन ते. मी नाई थकत.

ये वं पोरी. येत्या रविवारच्या आत ये. बैठकीत तुह्या प्रोग्रामाची गोष्ट निंगन, अन् ते मी तुले इचारल्याबिगर बोलनार नाई. लवकर ये. या बारीले आधी तू बोल.