जेवणाआधीचा पुरावा

सावेता वकीलबाईचा कुणावरच भरवसा नव्हता, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. रुमानियातल्या जियू नदीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात उभी हयात वकिलीत घातलेल्या बाईनं भरवसा ठेवायचा तरी कुणावर? रात्री भावाच्या कुंपणाचे खांब हातभर सरकवायचे आणि सकाळी चर्चमध्ये त्याच भावाच्या शेजारी उभं राहून मेणबत्ती लावायची, असली माणसं तिनं पोत्यानं पाहिली होती. म्हणून केस घेण्याआधी ती पक्षकाराच्या घरी जायची आणि जेवायची. वाढताना माणसाला फार वेळ सोंग वठवता येत नाही, असं तिचं म्हणणं. घरातल्या म्हाताऱ्याच्या वाटीत रस्सा किती आणि मटण किती, एवढं बघितलं की तिचं अर्धं काम व्हायचं.

पुढं देशातला वाराच फिरला. अर्धा गाव स्पेनला गेला, उरलेल्यातला अर्धा इटलीला. मागं राहिल्या म्हाताऱ्या, कुत्री आणि जमिनीची भांडणं. भांडणारे तिकडून फोनवर भांडायला लागले. कागद फोनवर, सह्या फोनवर, साक्षीसुद्धा पडद्यावर. त्याच सुमाराला सावेताचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि पक्षकाराकडं जेवायला जाणं सुटलं ते सुटलंच. पडद्यावर माणूस छातीपर्यंत दिसतो; खाली तो काय करतोय ते देवाला ठावं. तिचा संशय त्यानं कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला. आधी नुसता माणसांवर होता, आता यंत्रावरही जाऊन बसला.

अशात झांफिराचं प्रकरण उभं राहिलं.

आमच्याकडं एक करार चालतो. म्हातारं माणूस घर लिहून देतं. घेणाऱ्यानं त्याला मरेपर्यंत सांभाळायचं, मेल्यावर रीतीनं पुरायचं आणि चाळिसाव्याचं, वर्षाचं, थेट सात वर्षांपर्यंतचं जेवण गावाला घालायचं. तुदोरा म्हातारीनं आपलं घर असंच झांफिराला लिहून दिलं. झांफिरा विधवा. इटलीत परक्यांची म्हातारी माणसं उचलून उचलून कंबर मोडून परत आलेली, आणि डोक्यावर छप्पर नाही. करार सावेतानंच लिहिला. बाहेर पडताना तिनं झांफिराला दारात अडवलं. म्हातारीचा पोरगा फनेल स्पेनमध्ये आहे, आज गप्प आहे, पण उद्या म्हणेल की आईला उपाशी ठेवली. तेव्हा रोजच्या ताटाचा फोटो काढून ठेव, तारीख फोनच टाकतो, असं तिला बजावलं.

झांफिराची एखादी प्रार्थना चुकली असेल, फोटो चुकला नाही.

आणि झालं तसंच. डोळे डॉक्टरला दाखवायचे म्हणून फनेल आईला स्पेनला घेऊन गेला आणि तिकडून तिच्या नावानं दावा लावला: झांफिरा आईला उपाशी ठेवते, करार मोडा. करार मोडला असता तर झांफिरा पिशवी घेऊन रस्त्यावरच. फनेलचा वकील राजधानीतला. त्याचं तोंड सावेताला कधी दिसलं नाही, नुसतं लिखाण दिसलं. सकाळी तिनं काही पाठवावं, तर दुपारच्या आत त्याचं लांबलचक उत्तर हजर. इतकं स्वच्छ, की कुठं कुणाला शिंक आल्याचीही खूण नाही. हे माणसानं नाही, यंत्रानं लिहिलंय, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. कारकून म्हणाला, आता सगळेच तसं करतात, बाई. तेव्हापासून तिला कारकुनाचाही संशय यायला लागला.

सुनावणीच्या दिवशी म्हातारी पडद्यावर आली. डोक्याला नवा रुमाल. न्यायाधीश म्हणजे सावेताच्या पोरीच्या वयाची बाई. ती काहीही विचारी, की म्हातारी आधी डावीकडं बघे आणि मग बोले. दोनदा झालं, तीनदा झालं. सावेता उठली. खोलीत कुणीतरी बसलंय, साक्षीदाराला पढवलं जातंय, फोन फिरवायला सांगा, म्हणाली. म्हातारीनं फोन फिरवला. आधी छत दिसलं, मग तिची चप्पल, मग शेगडी आणि तिच्यावर रटरटणारं पातेलं.

"घेवडा हाय," म्हातारी म्हणाली. "खाली लागंल म्हनून बघतीया. पोरगं कामावर गेलंय, हितं कोन बसनार पढवायला?"

कोर्ट हसलं. सावेता खाली बसली. तिचा संशय मात्र उभाच होता. घेवडासुद्धा मुद्दाम शिजत ठेवता येतो.

मग तिनं फोटो पुढं केले. आंबट रश्शाचा चोर्बा, मक्याच्या पिठाची मामालिगा, सणाला कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण, सगळं तारखेवार. न्यायाधीशबाईंनी विचारलं, झांफिरा तुम्हाला जेवायला घालत होती ना, आजी?

"घालायची. रोज. न्हाई म्हनलं तर जीभ झडंल माझी."

"मग तक्रार कसली आहे?"

या वेळेला म्हातारीनं पातेल्याकडं बघितलं नाही.

"ताट पुढ्यात ठेवायची आन म्हनायची, थांबा मावशी, हात लावू नका. चोराचा काढत्यात तसा ताटाचा फोटू काढायची. त्यात मला बी बसवायची. तवर चोर्बा गार. मी जित्ती असताना जी पुरावा गोळा करती, ती मी मेल्यावर चाळिसाव्याचं जेवान कुनाला दाखवाय घालंल? तवा न्यायाधीश येनार हाय का बघाय?"

सावेतानं मान वर केली नाही. झांफिरा तिच्याकडं बघत होती, ते तिला न बघता कळत होतं.

निकाल झांफिराच्या बाजूनं लागला. जेवण घातलं हे म्हातारीनंच कबूल केलेलं. गार चोर्ब्याला कायद्यात कलम नाही. घर राहिलं. मरायचं तर आपल्याच अंथरुणात, म्हणून म्हातारीही बसनं परत आली. फनेलनं तिच्या हातात नवा फोन देऊन पाठवली होती.

थोड्याच दिवसांत झांफिराचा सांगावा आला: म्हातारी माझे फोटू काढतीया. झाडताना काढती, निजलेली असताना काढती. काय करू?

सावेता गुडघे चोळत गेली. किती तरी वर्षांनी ती पक्षकाराच्या घरी जेवायला बसत होती. झांफिरानं तीन ताटल्या मांडल्या, आंबट चोर्बा वाढला, आणि आपला फोन काढला. समोरून म्हातारीनं आपला काढला. वाफ वर जात होती आणि चमच्याला कुणी हात लावीना.

"बंद करा हे," सावेता म्हणाली. "झांफिरा, फोटो पुरे झाले. तिच्याबरोबर बसून जेवत जा."

"आन पुरावा?"

"नको पुरावा."

झांफिरानं फोन हळूच खाली ठेवला. डोळे बारीक केले.

"फनेलनं किती दिलं तुमाला, वकीलबाई?"

सावेताला राग आला नाही. तिच्या जागी असती तर तिनंही हेच विचारलं असतं. झांफिरा तेवढ्यावर थांबली नाही. वकिलीचे सल्ले देणारं यंत्र तिच्या फोनवर होतं, त्याला तिनं सगळ्यांदेखत विचारलं. ते गोड आवाजात बोललं. रोजच्या जेवणाची तारखेसह छायाचित्रं ठेवत चला, वारसाकडून पुन्हा दावा होऊ शकतो. सावेताचाच सल्ला, शब्दाला शब्द, वर फुकट.

"बघा," झांफिरा म्हणाली. "ह्याला तर कुनी पैसं दिल्यालं न्हाईत."

सावेतानं चमचा उचलला आणि खायला सुरुवात केली. दोन्ही फोन लगेच पुन्हा वर झाले, आणि दोन्ही फोटोंत तिचा हात आला.

"झालं," ती तोंडातला घास गिळून म्हणाली. "आता मी साक्षीदार. पुढच्या वेळेला तुमच्यातल्या कुणाचंच वकीलपत्र मला घेता यायचं नाही. मिरची आहे का?"

मिरच्या दाराजवळ माळेला टांगलेल्या. पाहुणीनं मागितलं म्हणून म्हातारी टेबलाला धरून उठली. झांफिराचा हात फोनकडं गेला, आणि मध्येच थबकला.

"बसा मावशी, म्या देते," म्हणत ती उठली.

हे मायेनं म्हणाली, की म्हातारीला कामाला लावते असं उद्या कोर्टात निघेल म्हणून म्हणाली, ते सावेताला ओळखता आलं नाही. म्हातारीलाही आलं नसावं. ती तशीच अर्धवट उभी राहून झांफिराच्या हातांकडं बघत होती.