आमसुलांनी घासलेला बिल्ला

गौरी-गणपतीची पितळी भांडी आमसुलांनी घासायला घेतली, की त्या आंबट वासाबरोबर मला ह्यांचा बिल्ला आठवतो.

हे रत्नागिरी बंदरावरचा माल लॉरीने आंबा घाटातून कोल्हापुरास नेत. तेव्हा भाड्याची गाडी चालवणाऱ्याला सरकारी लायसन लागे आणि छातीवर नंबराचा पितळी बिल्ला. दर वर्षी लायसन नवं करताना साहेब लांबच्या गाडीचा नंबर वाचायला लावी. त्या वर्षी नेमकी ह्यांचीच लॉरी समोर उभी होती. ह्यांनी नंबर घडाघडा म्हटला. घरी येऊन हसत म्हणाले, "दिसतोय कुणाला गो, नंबर पाठच आहे." मीही हसले.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी ह्यांनी बिल्ला माझ्यापुढे ठेवला. "चांगला लखलखीत कर गो." मला वाटलं, कुणी मोठा साहेब यायचा असेल. मी आमसुलं चोळली, राखेने घासला, पदराने पुसला. हे उंबऱ्यावर बसून माझ्या हातांकडे एकटक बघत होते.

दुपारी परतले, तेव्हा कोटावर बिल्ला नव्हता.

"काल घाटात बैलगाडी अगदी पुढ्यात आली तेव्हा दिसली," म्हणाले. "लायसन, बिल्ला, दोन्ही देऊन आलो."

"द्यायचाच होता, तर घासायला कशाला लावलात?" मी चिडलेच.

"इतकी वर्षं छातीवर होता. मळका कसा देणार?"

आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तांब्या उजळला की नाही, हे मी सुनेला विचारते. त्या सकाळी ह्यांना माझे हात तरी दिसत होते की नाही, कोण जाणे.