नथ्थूजींच्या मिशीचा पक्का रंग

माझ्या औषधाने पहिल्या रोग्याला गुण आला, तेव्हा त्याला ते औषध दिलेलंच नव्हतं.

मी नागपुरात आयुर्वेदाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमचा धंदा हातमागाचा. घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कोणी ओलांडलं नव्हतं. त्यामुळे प्रवेश मिळाला त्या दिवसापासूनच बाबा मला 'डॉक्टर' म्हणू लागले आणि गल्लीतल्या बाया मला जीभ काढून दाखवू लागल्या. (मी जीभ नीट पाहायचो. तिच्यात काय पाहायचं, ते पुढच्या वर्षाला होतं.) मला तोवर फक्त वनस्पतींची ओळख झाली होती. पण ती इतकी मनापासून झाली होती, की कोणी जेवताना आवळ्याचं लोणचं मागितलं तर मी आधी आवळ्याचे गुण सांगायचो आणि मग बरणी सरकवायचो.

"दे ना गा लवकर!" माय ओरडायची. "आवळा कुठं पळून नाही जात. भाकर थंडी होऊन राहिली!"

अशात माझ्या मोठ्या बहिणीची, सुमनताईची, सोयरीक ठरायची वेळ आली. मुलगा उमरेडचा, आमच्यासारखाच विणकर. ताई त्याला पसंत होती, तो ताईला पसंत होता. राहिला होता तो मुलाच्या वडिलांचा, नथ्थूजींचा शब्द. आमच्यात मुलाच्या बापाने चार माणसांत मोठ्याने 'पोरगी पसंत आहे' म्हणायचं असतं, मगच सुपारी फुटते. नथ्थूजी त्यासाठीच आले होते. आणि येताना उमरेडपासून नागपूरपर्यंत एस.टी.च्या कंडक्टरशी असे भांडले होते, की आमच्या दारात पोचले तेव्हा त्यांचा आवाज गेलेला होता. बोलायला गेले की नुसत्या मिशा हलत!

मिशांबद्दल सांगायलाच हवं. कापसासारख्या पांढऱ्या आणि भरघोस. ओठ झाकून त्या हनुवटीपर्यंत उतरल्या होत्या. मागावर बसताना त्या ताण्यात गुंतू नयेत म्हणून नथ्थूजी त्या कानामागे अडकवतात, असं ऐकून होतो. (मला ते खरं वाटायचं.)

नथ्थूजींनी बैठकीत मान हलवून पाहिली. पण त्यांच्याबरोबर त्यांचे साळे आले होते, आणि ते फार कडक.

"मानेवर सोयरीक होत नाही, भाऊजी. शब्द पाहिजे. आज आवाज नाही तर राहू द्या. उद्या आपल्याले कन्हानले दुसरी पोरगी पाहाले जायचंच आहे."

आत ताईच्या हातून फुलपात्र पडलं.

"थांबा!" बाबा उठले. "काहून घाबरता? घरात डॉक्टर आहे!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

पण खरं सांगतो, मला आनंदही झाला. बसलेल्या गळ्यावर काय द्यायचं ते मला पाठ होतं! खैराची साल, हिरडा आणि ज्येष्ठमध. पाहुण्यांना पोहे देऊन माय मोकळी झाली तोवर मी अंगणात दुसऱ्या चुलीवर काढा चढवलाही होता. पहिल्या चुलीवर बाबांचं पातेलं होतं. विकायच्या मालाला ते बाजारातल्या पुडीचा रंग वापरत, पण लेकीच्या लुगड्याच्या काठाला त्यांना जुन्या पद्धतीचा रंग हवा होता. मंजिष्ठेची मुळं, हिरडा आणि वरून रंग पक्का धरायला तुरटी. ('तीच मंजिष्ठा रक्त शुद्ध करते, बाबा,' असं मी म्हणालो होतो. 'मले सूत लाल करायचं आहे,' ते म्हणाले होते.)

काढा आटला. मी गाळायला फडकं आणायला आत गेलो. तेवढ्यात मायने रस्सा चढवायला दोन्ही पातेली खाली उतरवली आणि वर एकसारखी ताटं झाकली. मी परत आलो. आता कोणतं पातेलं कोणाचं? मी गोंधळलो नाही. शास्त्रानुसार वागलो. एक ताट उचललं आणि वास घेतला. हिरडा! झालं, खात्री पटली. हिरडा दोन्हीकडे होता आणि खैराचा काढाही लालसरच दिसतो, एवढं मात्र त्या घाईत सुचलं नाही.

"हे गिळायचं नाही," मी नथ्थूजींना नम्रपणे सांगितलं. "तोंड भरून धरायचं. डोळ्यांत पाणी आलं की थुंकायचं."

पहिल्याच घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हात हलवू लागले.

"तुरट लागतं ना? लागणारच! तो खैराचा गुण आहे."

त्यांनी साळ्यांचा गुडघा आवळून धरला.

"पाहा, गुण येऊन राहिला!" मी म्हणालो आणि पेला पुन्हा भरला. दर पेल्याला त्यांच्या मिशा आत बुडत. मी त्यांना पेला तसाच धरून ठेवायला सांगत होतो. म्हटलं, वाफही लागू दे.

इतक्यात अंगणातून बाबांची हाक आली. "डॉक्टर! या रंगाले गोड वास काहून येऊन राहिला गा?"

गोड वास. ज्येष्ठमध!

मी नथ्थूजींकडे पाहिलं. पेला खाली आला होता. मिशा हळूहळू सुकत होत्या आणि सुकता सुकता लाल होत होत्या.

"भाऊजी," साळे म्हणाले, "तुमची मिशी!"

नथ्थूजी भिंतीवरच्या आरशापुढे गेले.

"अबेऽऽऽ!"

शेजारचा माग थांबला. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या.

"माह्या मिशीले काय केलं बे या डॉक्टरनं?"

"आवाज आला," मी बारीक आवाजात म्हणालो. माझं कोणी अभिनंदन केलं नाही.

साबण आणला. साबणाने मळ गेला आणि रंग आणखी खुलला! बाबा हातातली सुताची लडी तशीच घेऊन आत धावले. "घासू नका, सोयरे, निघायचा नाही तो. तुरटी मी स्वतः टाकली आहे." त्यांच्या बोलण्यात काळजी होती, पण अभिमान जास्त होता.

"चला, भाऊजी," साळ्यांनी पिशवी उचलली. "कन्हान बरं!"

तेव्हा ताई तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. तिने नथ्थूजींकडे एकदा पाहिलं, आणि फस्सकन हसली.

"पोरगी हसून राहिली!" साळे कडाडले.

"काहून हसली वं?" नथ्थूजींनी विचारलं. मी डोळे मिटले.

"मामाजी, रागावू नका," ताई म्हणाली. "माह्या लुगड्याच्या काठाचा रंग होता तो. आता काठाले काही उरला नाही. लग्नात मले तुमची मिशीच नेसावी लागते."

लाल मिशी थरथरली. मला वाटलं, संपलं सगळं. पण नथ्थूजी हसत होते! पोट धरून, खोकत, मांडीवर थापा मारत हसत होते.

"पसंत आहे!" ते गरजले. "पोरगी पसंत आहे! फोडा सुपारी!"

शब्द इतका मोठा होता, की साळ्यांनाही तो ऐकू आला नाही असं म्हणता येईना.

बाबांनी तोवर माझ्या काढ्यात बुडवून ठेवलेलं सूत पहिल्याच धुण्यात चहाच्या गाळासारखं झालं. लग्नापर्यंत नथ्थूजींच्या मिशा मुळाशी पांढऱ्या आणि टोकाला लाल झाल्या होत्या. बाबा वऱ्हाड्यांना त्या जवळून दाखवत आणि म्हणत, "पाहा, टोकं अजून तशीच! पक्का रंग!"

आणि सुपारी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात माझा खरा पहिला रोगी आला. गल्लीतल्या भजनी मंडळाचे बुवा, गळा पार बसलेला. मी सदऱ्याची बटणं लावली, त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "जीभ दाखवा."

"तुम्ही बसा, डॉक्टर," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मले तुमच्या बाबाले भेटायचं आहे."