वहिनीने वाचलेली जपानी पत्रं

त्या दिवशी मी बीदरच्या कचेरीत एका वाटणीपत्राचं कानडीतून मराठीत भाषांतर करत बसले होते. चतुःसीमा लिहायला घेतल्या होत्या. ‘पूर्वेस’ एवढा शब्द उमटला आणि प्रसादचा फोन आला. प्रसाद माझ्या भावाचा मुलगा, हैदराबादला नोकरी करतो, एरवी फोनवर आधी इकडचं तिकडचं विचारतो. त्या दिवशी म्हणाला, “आत्या, अव्वा गेली.” एवढंच. अव्वा म्हणजे त्याची आई, माझी वहिनी. ते वाटणीपत्र नंतर दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केलं. आता महिना उलटून गेलाय. महानंदावहिनीविषयी लिहायचं तर सुरुवात एका जपानी कंपनीपासून करावी लागते, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण आमच्या घरात ते तसंच घडलं.

वहिनी औरादला आमच्या घरी आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील मी फार लहान असतानाच गेले होते. घरात आई, मी आणि माझा मोठा भाऊ. त्याला सगळे अण्णाच म्हणत. बाजारपेठेत त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि हा त्यांत नवी तांब्याची तार भरून द्यायचा. वहिनीचं माहेर हळ्ळीखेडचं. घरात सगळं कानडी. आईचं माहेर उदगीरकडचं, तिला कानडीचं वावडं. सोयरीक जुन्या नात्यातून जुळली होती, त्यामुळे नाही म्हणता आलं नव्हतं, पण “सून घरात आली अन् मी मुकी झाले,” असं आई शेजारणीला सांगायची. वहिनी खरोखरच मुकी झाली होती. ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढ्या दोन शब्दांवर तिने पहिले दोन महिने काढले. एकदा धीर करून ती ‘माझा साडी वाळला’ म्हणाली आणि मी खो खो हसले, तर नंतर आठवडाभर तेवढंही बोलली नाही.

आमच्या मावशीचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. त्याने लग्नाची भेट म्हणून जपानच्या कुठल्याशा बंदरातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. सोबत तीन कॅसेटी. खोक्यावर एका पायावर उभा असलेला बगळा आणि बाकी सगळं जपानीत. कंपनीचं नाव काय, कुणाला वाचता येईना. आम्ही आपलं ‘बगळा कंपनी’ म्हणायला लागलो आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. यंत्राला आपल्याकडचा करंट चालणार नव्हता, तर अण्णाने दुकानात बसून स्वतःच्या हाताने ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. रंगांचं मात्र काही जमलं नाही. जपानी यंत्राची पद्धत वेगळी, आमच्या टीव्हीची वेगळी. त्यामुळे रंगीत टीव्हीवर चित्र यायचं ते काळंपांढरं, आणि अधूनमधून वर सरकायचं. तेव्हा टीव्हीवर हलकीशी थाप मारायचा मान माझा होता.

एक कॅसेट होड्यांच्या शर्यतीची, ती अण्णाची. दुसरीत पुरात वाहून गेलेलं एक गाव पुन्हा वसवायचं होतं. तिसरीत एक मुलगी खांद्याला पिशवी अडकवून बेटाबेटांवर पत्रं वाटत फिरायची. ती मला आवडली. पण अडचण अशी की पत्र दिलं की ते पडद्यावर उघडायचं आणि त्यात ओळीच्या ओळी जपानी. त्यात काय लिहिलंय ते कळल्याशिवाय पुढे कुठे जायचं ते कळायचं नाही. मी वैतागून रिमोट आपटला. तेव्हा मागे कपड्यांच्या घड्या घालणारी वहिनी पुढे सरकली, पडद्याकडे बोट करून तिने विचारलं, “यार पत्र?” कुणाचं पत्र? एवढं कानडी मला शाळेतल्या मैत्रिणींमुळे कळत होतं. मी म्हटलं, मला काय माहीत, तूच वाच. आणि तिने वाचलं! बोट ओळीवरून फिरवत, एका दमात, कानडीत. म्हातारीच्या शेळीला पिल्लं झालीत, दोन पांढरी आणि एक काळं, काळं दूध पीत नाही, तेव्हा डोंगरापलीकडच्या भावाने येऊन जावं. मी ते जमेल तसं मराठीत म्हटलं. तिने माझ्यामागून ते मराठीत म्हटलं. मग आम्ही डोंगरापलीकडे गेलो, आणि खरंच तिथे एक माणूस उभा होता...

त्यानंतर जेवणं आटोपली की रोज दुपारी आमची शाळा भरायची. पत्र उघडलं की वहिनी ते कानडीत वाचायची, मी मराठी करायचे, ती मराठीत पुन्हा सांगायची आणि तिचं चुकलं की मी दुरुस्त करायचे. कधी उलटंही. माझी पाळी आली की मी मराठीत वाचायचे आणि तिला कानडी करावं लागायचं. मी अडखळले की ती “मुंद?” म्हणायची. मुंद म्हणजे पुढे. आई तांदूळ निवडत मागे बसलेली असायची आणि कुरकुरायची, “दोघींला बी येड लागलंय. त्या टीव्हीला डोळे फोडून घ्यायल्यात.” सहा महिन्यांत वहिनी बाजारात भाव करायला लागली. मी कानडीत भांडायला लागले.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की वहिनी वाचते ती पत्रं बदलत चाललीत. शेळ्या, लग्नं, जत्रा कमी झाल्या. आता पत्र कुठल्याही बेटावरचं असो, त्यात एक मुलगी असायची. ती आईला लिहायची, मी इथे बरी आहे, दोन वेळा जेवते, माझी काळजी करू नको. आणि पुढच्या बेटावर त्या आईचं उत्तर कधी मिळायचं नाही. मला कथा म्हणून त्याचा कंटाळा आला. एका संध्याकाळी अण्णा दुकानातून आला, तर मी तक्रार केली, “अण्णा, वहिनी सारखी एकच पत्र वाचायली. त्या पोरीच्या आईचं उत्तर येतच न्हाई.” अण्णा हात धूत होता. तो तसाच थांबला. “कोणती पोरगी?” म्हणाला. मी सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून त्याने वहिनीला स्कूटरवर बसवलं आणि हळ्ळीखेडला नेलं. आई म्हणाली, “सणवार न्हाई, काही न्हाई, कामून निघालास?” तो म्हणाला, “एक पत्र पोचवायचंय.” वहिनी तिकडे आठ दिवस राहिली. परत आली तेव्हा माझ्यासाठी खव्याचे पेढे होते आणि तिच्या पत्रांत पुन्हा शेळ्या आल्या होत्या.

आता एक कबुली. मी तेरा वर्षांची असताना प्रसादचा जन्म झाला. दुपारची शाळा बंद पडली. त्याआधी दोन वर्षं वहिनीने त्या दुसऱ्या कॅसेटमधलं पुरानं नेलेलं गाव जिद्दीने उभं केलं होतं. विहीर, पूल, पंचवीसेक घरं, देऊळ, बाजार. त्या कॅसेटमध्ये एकच गाव साठवता यायचं. नवं सुरू केलं की जुनं पुसलं जायचं. एके दिवशी तिने मला बाळाला झोपवताना “जरा भायेर जा की” म्हटलं, आणि मी रागाने जाऊन नवं गाव सुरू केलं. सगळं पुसलं गेलं. पडद्यावर नुसता चिखल आणि एक मोडकी होडी... दोन दिवस मी तिच्यासमोर गेले नाही. तिसऱ्या दिवशी तिने बाळ आईकडे दिलं, यंत्र लावलं, तो चिखल बघितला. मी दारामागे उभी होते. मला वाटलं आता ती अण्णाला हाक मारेल. ती म्हणाली, “सुमा, ये. मागल्या बारीला आपली विहीर लई लांब झाली हुती. आता जवळ खोदू.” मी जाऊन बसले. माफी मागायला मला पुढे तीसेक वर्षं लागली. आजारपणात, बीदरच्या दवाखान्यात, तिच्या पायांना तेल लावता लावता मी एकदाची बोलले. ती हसली. “मला तवाच कळलं हुतं की. तू दोन दिस माझ्या ताटात जेवायला आली न्हाईस.”

बगळा कंपनीचा इतिहास आम्हाला कळला तो पुष्कळ नंतर, प्रसाद इंजिनिअरिंगला गेल्यावर. तो कॉम्प्युटरवर वाचायचा आणि सुट्टीत येऊन अव्वाला सांगायचा. ही कंपनी म्हणे मुळात लाकडी भोवरे करणाऱ्या दोघा भावांचा कारखाना. प्लास्टिक आलं, भोवरे खपेनात, तेव्हा त्यांनी जत्रेत नाणं टाकून खेळायची यंत्रं केली, मग घरात टीव्हीला जोडायची. आमच्याकडचं यंत्र त्यांचं दुसरं. तिसरं सपशेल पडलं. दुकानांतून परत आलेल्या खोक्यांनी गोदामं भरली. शेवटी त्यांनी यंत्रं करणंच सोडलं आणि ज्यांच्याशी आयुष्यभर स्पर्धा केली त्यांच्याच यंत्रांसाठी खेळ लिहून द्यायला लागले. पत्रवाली मुलगी, पुराचं गाव, होड्या, तिन्ही मालिका दुसऱ्यांच्या घरी जाऊन नांदल्या, वाढल्या, त्यांचे नवनवे भाग निघत राहिले. वहिनीला हे ऐकताना फार गंमत वाटायची. “दुसऱ्याच्या घरी जाऊन नांदली,” हे तिनेच म्हटलेलं.

त्याच सुमारास अण्णाचं दुकान बसत चाललं होतं. लोक जळालेली मोटार भरून घेण्यापेक्षा नवी आणत. एका पंप कंपनीने त्याला आपल्या पंपांच्या दुरुस्तीचं काम देऊ केलं होतं आणि अण्णा अडून बसला होता. आपल्या पाटीवर दुसऱ्याचं नाव लावायचं म्हणजे हार, असं त्याचं म्हणणं. जेवताना वहिनी त्याला म्हणाली, “बगळ्यानं काय केलं? मशीन सोडला, काम सोडला न्हाई. मोटार कुणाची बी असू द्या, हात तुमचा हाय न्हवं?” इतक्या वर्षांनंतरही मशीन तिच्या तोंडी पुल्लिंगीच राहिलं. अण्णा तेव्हा चिडून उठला. पण पंधरा दिवसांनी नवी पाटी लागली, आणि आज त्या दुकानात चार माणसं कामाला आहेत.

मलाही तिने काय दिलं ते आता कळतंय. मी दोन भाषांच्या मधे उभी राहून पोट भरते. कचेरीत येणारी म्हातारी माणसं आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नाही म्हणून कावरीबावरी होतात. मी तो त्यांच्या भाषेत सांगते तेव्हा त्यांचा चेहरा निवळतो. हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. टीव्हीसमोर मांडी घालून शिकले.

शेवटच्या उन्हाळ्यात प्रसादने तिच्यासाठी हातात धरून खेळायचं नवं यंत्र आणलं. कंपनीने आपले जुने खेळ पुन्हा काढले होते, आमची पत्रवालीही त्यात होती. आता रंगीत आणि इंग्रजीत. वहिनीने उशीवर पाठ टेकून पडदा डोळ्यांजवळ धरला. ती मुलगी हिरव्या कपड्यांत असणार असं आम्ही ठरवून टाकलं होतं. ती निघाली पिवळ्याधमक कपड्यांत. वहिनी कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. “पिवळा बी चांगला दिसायलाय की तिला,” म्हणाली. मग मला म्हणाली, वाच. मी इंग्रजीवरून पहिलं पत्र सांगितलं. दिव्याचं तेल संपलंय, दोन डबे पाठवा. दुसरं. बंदरावर नवं दुकान उघडलंय. तिसरं. वादळ आहे, होडी काढू नका. तिने हात वर केला. “पुरे. शेळी कुटं हाय यात?” आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स आत डोकावली. त्यानंतर मी इंग्रजी बाजूला ठेवलं. तिच्यात जोर होता तोवर तिने वाचलं, नंतर मी वाचत राहिले, कानडीत. शेवटी शेवटी ती डोळे मिटून ऐकायची. मी थांबले की ओठ हलायचे... मुंद?

वहिनीचे दिवस झाल्यावर मी आईला बीदरला न्यायला औरादला गेले. आई ऐंशीच्या घरात आहे. म्हणाली, मी कुठे येत नाही. दुपार झाली होती. मी ओसरीवर वहिनीच्या साड्या लावत बसले होते, मन कशात लागत नव्हतं. आतून आवाज आला, “बा, ऊटा माड.” ये, जेव. मी चमकून वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती.

“आई, तुला कानडी कवापासून येतंय?”

“तुमी दोघी रोज टीव्हीम्होरं बसून वरडत हुता, तवा मी काय कानात बोळे घालून बसत हुते व्हय?” ती म्हणाली. “तिला भूक लागली तरी ती सांगायची न्हाई. मीच बोलवायची. तिच्या बोलीत बोलावलं की उठायची.”

आम्ही जेवायला बसलो. आई कानडीत बोलत होती, मोडकंतोडकं, लिंग-वचनाच्या सगळ्या चुका करत, आणि मी कानडीतच उत्तरं देत होते. तिला काही दुरुस्त करून सांगावंसं वाटलं नाही. तेवढ्यात अण्णा दुकानातून आला. एक चप्पल काढली आणि दुसरी पायात तशीच ठेवून तो अंगणात थांबला. वहिनी गेल्यापासून घरात ती बोली कुणी बोललं नव्हतं. थोडा वेळ त्याने ऐकलं. मग आत येऊन भिंतीशी बसला, ताट पुढे ओढलं आणि आईला म्हणाला, “नंगू हाक.”

मलाही वाढ.