त्यांच्या नावानं मी दाबलेलं बटण

माझी नोकरी नक्की कसली ते आईला अजून नीट सांगता येत नाही. शेजारणींना ती सांगते, "पोरगी कंप्युटरवाल्यांचे फोन घेते." खरं म्हणजे तेवढंच आहे. राजारामपुरीत एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो. एखाद्या ऑफिसातले सगळे विंडोज कंप्युटर त्यातून एका जागी बसून सांभाळता येतात. सगळे एकदम बंद करा, चालू करा, त्यात नवा प्रोग्राम टाका. हे काम करणाऱ्याला जो तो सिस्टिमवाला म्हणतो, आणि सिस्टिमवाल्यांचं घोडं अडलं की ते माझ्या डोक्यावर येऊन बसतात.

मी तशी तापट. एका जागी बसणं माझ्या स्वभावात नाही. फोन ठेवला की उठते, खिडकीपाशी जाते, परत येते. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर गोड आवाजात "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" म्हणायचं. नोंद घेतली म्हणजे काय, तर एका यादीत एक ओळ वाढली. सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय हवं ते देशोदेशीचे लोक त्या यादीत लिहितात, बाकीचे त्यावर मत देतात. ज्याला जास्त मतं, ते आम्ही करतो. उरलेलं पडून राहतं. कुणाला कुठल्या बटणाचा रंग निळा हवा असतो आणि त्याच्या बाजूनं ढीगभर लोक उभे राहतात. माझं डोकं तिथंच फिरतं.

जयसिंगपूरच्या एका दवाखान्यातले सिस्टिमवाले दादा मात्र यादीत कधी लिहायचे नाहीत. थेट फोन. वय पन्नाशीच्या पुढं. दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागलेले आणि कंप्युटर आले तसे आपले आपण शिकलेले. मी म्हणायची, "दादा, यादीत लिहा, म्हणजे माझ्यावर येत नाही." ते म्हणायचे, "ताई, तुमच्याशी बोलल्यावर झालं की. आता यादीत कुठं लिवत बसू?"

त्यांची मागणी एकच होती आणि ती त्यांनी मला तीनदा सांगितली.

"आमच्याकडं आठ माणसं हे चालवत्यात. केसपेपरच्या बाई, लॅबवाला, मोठ्या सिस्टर. समदी माझ्याच नावानं, माझ्याच पासवर्डनं आत शिरत्यात. तर बटण दाबायच्या आधी त्यानं इचारलं पायजे, बाबा, तू कोण? नाव टाकल्याबिगर पुढं सोडायचंच न्हाई."

"अहो, प्रत्येकाला वेगळं लॉगिन करून द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"ते मला म्हाईत हाय. पण इतकी वर्सं माझा पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ. आता वेगळं करायला गेलो तर म्हणतील, दादांचा आमच्यावरचा इश्वास उडाला. सिस्टर तर बोलायच्याच बंद हुतील."

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर पटलंही. आमच्या गल्लीत गावाला जाताना घराची किल्ली शेजारी देऊन जातात. एकदा दिलेली किल्ली परत मागितली तर ती बाई जन्मभर लक्षात ठेवेल. पण परदेशातल्या कुणाला हे समजावून मत मागणार कसं? दादांची मागणी मीच यादीत लिहिली. तिला एकच मत पडलं, तेही माझं. वर्षभरानं यादी साफ करताना मीच ती बंद केली.

मग तो सोमवार आला. सोमवारी त्या दवाखान्यात तोबा गर्दी असते. दुपारी बाराच्या आधी मोठ्या सिस्टरांचा फोन. केसपेपरचा नवा प्रिंटर कुठल्याच कंप्युटरला दिसत नव्हता. "दादा वर ऑपरेशन थेटरकडं गेल्यात, फोन उचलत न्हाईत. तुम्हीच तिकडनं करा की. पासवर्ड सांगते, घ्या लिहून." मी काही म्हणायच्या आत त्यांनी सांगूनही टाकला. दुसऱ्याच्या नावाचा पासवर्ड घ्यायचा नाही, हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. मी तो तळहातावर लिहून घेतला.

आत शिरले. केसपेपरचे अकरा कंप्युटर निवडले. प्रिंटरचा प्रोग्राम टाकला. त्याच्या खाली एक चौकट असते, 'झाल्यावर लगेच रीस्टार्ट करा'. त्यात आधीच टिक असते, ती काढायची असते. ती काढा, असं मी दिवसातून चार जणांना सांगते. दुसऱ्या कानाला दुसऱ्या फोनवर पुण्याचा एक सिस्टिमवाला होता. तो मला आमचंच सॉफ्टवेअर शिकवत होता आणि माझं टाळकं सटकलं होतं. त्याला उत्तर देता देता मी बटण दाबलं.

अकराच्या अकरा कंप्युटर एकदम बंद पडले. पहिल्या गाडीनं आलेली माणसं रांगेत होती. त्यांचे अर्धे भरलेले केसपेपर गेले. सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागलं. त्यात एका म्हाताऱ्याला चक्कर आली. पुढं तो बरा झाला, पण नेमका निघाला दवाखान्याच्या अध्यक्षांचा चुलता.

हे मला कळलं मंगळवारी, दादांच्या फोनवरून. त्यांचा आवाज बसला होता.

"रेकॉर्डला माझं नाव दिसतंय, ताई. आणि मी तर वर वायरी जोडत बसलोतो. कुणी दाबलं आसंल वो? शुक्रवारी इश्वस्तांनी बोलीवलंय. अध्यक्ष लई तापल्यात. नोकरीचं काय खरं न्हाई बघा."

"बघते," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. बघायचं काय होतं? वेळ माझी, बटण माझं. आमच्याकडच्या नोंदीत लख्ख दिसत होतं.

सरांना सांगितलं. सर वाईट नाहीत, पण भित्रे आहेत. म्हणाले, "तू गप्प बस. आपण दुसऱ्याचा पासवर्ड वापरतो हे बाहेर गेलं तर उद्या कोण आपल्याला विचारणार? त्यांना चार शब्द बोलतील, सोडून देतील. जुना माणूस आहे."

तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवण जाईना, झोप येईना. आईनं विचारलं तर तिच्यावर खेकसले. ऑफिसात फोन वाजला की दादांचाच असेल म्हणून उचलायला उशीर करायचे, आणि त्यांचा नसला की आणखी राग यायचा. त्यांना फोन करावा असं दहा वेळा मनात आलं. केला नाही. का केला नाही? एक तर लाज. दुसरं, आता लिहिताना कबूल करते, मला स्वतः जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं होतं. दादा उभे आहेत, त्यांच्यावर आळ आलाय आणि मी दारातून आत जाऊन म्हणतेय की हे मी केलं. हे चित्र मी डोळ्यांसमोर इतक्या वेळा आणलं की त्यात माझं मलाच बरं वाटायला लागलं होतं.

शुक्रवारी सरांना न सांगता सांगलीच्या गाडीत बसले. हातकणंगल्याला गाडी खोळंबली तेव्हा जीव नुसता वरखाली. जयसिंगपूरला उतरले ती जवळजवळ पळतच दवाखान्यात गेले. विश्वस्तांच्या खोलीबाहेर शिपाई होता. तो "ओ मॅडम, थांबा की" म्हणेपर्यंत मी आत.

पाच जण टेबलाभोवती बसले होते. दादा एका बाजूला खुर्चीवर. मी नाव-गाव सांगितलं आणि एका दमात बोलून टाकलं. रीस्टार्ट मी केलं. दादांचा काही संबंध नाही. सिस्टरांनी मला फोनवरून दादांचा पासवर्ड दिला आणि त्यांच्या नावानं मी आत गेले. चूक माझी.

बोलून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेबलावर चहाचे रिकामे कप आहेत. दादांच्या पुढ्यातही एक होता. ज्याला नोकरीवरून काढायचं त्याला कुणी चहा पाजत नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पण हे तर मघाशी म्हणाले, माझ्याच हातनं चुकून दाबलं गेलं. माफी मागितली, आम्ही विषय संपवला." मग दादांकडं वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुमचा पासवर्ड सिस्टरांना कसा ठाऊक? आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे?"

दादांनी पुढ्यातला कप बाजूला सरकवला. खोटं बोलायची त्यांची त्या दिवसाची ताकद मघाशीच संपली असावी. त्यांनी एकेक करून आठही जणांचं सांगितलं.

मग सगळ्यांची तोंडं बदलली. पेशंटांचे रिपोर्ट, बायकांच्या तपासण्या, सगळं एका पासवर्डवर, आणि तो अख्ख्या दवाखान्याला पाठ. वर बाहेरच्या कंपनीलाही फोनवरून मिळतो. हातून चूक झाली तर माफ करता येते, हे कसं माफ करायचं? असं अध्यक्ष म्हणाले, आणि मला त्यांना खोडून काढता आलं नाही. मी मध्ये तोंड घातलं, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच नव्हती, दादांनी ती तीनदा मागितली होती, आम्हीच दिली नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. दादांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आम्ही दोघं बाहेर आलो. मला वाटलं, आता बोलतील, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आले.

"दादा, मी तुम्हाला वाचवायला आले हो," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "सिस्टरनी मला बुधवारीच सांगितलं हुतं, तुम्ही दाबलंय म्हणून. म्या म्हटलं, जाऊ दे, माझ्यावर घेतो. त्यांचीबी चूक, तुमचीबी चूक, कुणाकुणाची नावं सांगत बसू? आन तुम्ही यायच्या आधीच मिटलं हुतं सगळं." मग म्हणाले, "मी वाचलोच हुतो, ताई. येक फोन करायचा हुता."

कोल्हापूरची गाडी लागली. त्यांनी मला खिडकीची जागा बघून दिली, पाण्याची बाटली आणून दिली आणि गाडी निघेपर्यंत खाली उभे राहिले.

गाडी शहराबाहेर पडायच्या आत मला झोप लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा, अगदी गाढ. कोल्हापूर आल्यावर कंडक्टरनं उठवलं, तेव्हा बसमध्ये मी एकटीच उरले होते.