भूतानच्या वेशीवरची आई

माझ्या आईने माझ्या वडिलांना चढावर नापास केलं आणि उतारावर पास केलं.

आई आज सकाळी गेली. नव्वदीला टेकली होती.
फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी आहेत. मध्येच एका मावसभावाचं चुकून गेलेलं गुड मॉर्निंग आहे. आई असती तर तिने त्यालाच रिप्लाय दिला असता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आई अमरावतीत मास्तरीण. स्वतःच्या पगाराची लेडीज सायकल.

छप्पन साली घर बौद्ध झालं. तेव्हापासून शाळेतल्या बायका डबा खाताना तिला विचारायच्या, "मंग तुमी आता करता काय वो?"

सण नाही, नवस नाही, उपास नाही. मग करता काय?


सोडलं काय, ते मोहल्ल्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं. धरायचं काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं.

तिने ठरवलं, जिथे पिढ्यानपिढ्या सगळेच बौद्ध आहेत तिथे जाऊन डोळ्यांनी पाहायचं. शाळेच्या नकाशात भूतान सापडला. समुद्र ओलांडावा लागत नव्हता. रंग तपकिरी, म्हणजे डोंगर.
सायकलने जायचं. कारण सायकल होती. इतकं सरळ.

आणि तेवढ्यात अकोल्याहून बाबा तिला बघायला आले. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, केसांना भरपूर तेल.

पाहुण्यांनी विचारलं, "सैपाक येते का?"
आईने बाबांना विचारलं, "तुमाले सायकल येते का?"
"येते."
"चढावर?"
"येते."

अकोल्यात रेल्वेचा पूल सोडला तर चढ नाही. पण बघायच्या कार्यक्रमात खरं कोण बोलतं?

आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, कपाळाला हात लावला. आईचं मात्र ठरलं होतं, नवरा भूतानपर्यंत सोबत येणारा हवा. आधी दोघांनी सायकलने चिखलदऱ्याचा घाट, मग लग्नाचं बोलणं. आजोबांची अट एकच, ते एसटीत बसून मागे येणार.

बाबांनी अख्खा हिवाळा प्रॅक्टिस केली. डोंगर नाही तर वजन तरी, म्हणून कॅरियरवर सरकीचं पोतं बांधून रोज अकोट रोडवर.
लोक विचारायचे, "काहून बे, सरकीचा धंदा काढला का?"
"नाई. भूतानले जाऊन राह्यलो."
"लगन जुळत नाई म्हनून?"
"जुळावं म्हनून!"

घाटाच्या दिवशी पोतं उतरवलं. सायकल अजून हलकी व्हावी म्हणून ब्रेकही काढून घरी ठेवले. त्यांच्या सपाट गावात ब्रेक कुणी वापरतच नसे. थांबायचं तर पाय टेकायचा.

घाट अर्धा झाला आणि बाबा उतरून सायकल ढकलायला लागले. एसटीच्या खिडकीतून डोकं काढून आजोबा ओरडले, "पोरी, मांगं राह्यला तो!"
सगळी एसटी हसली.

वर पोचल्यावर आजोबा म्हणाले, "चला पावनं, आता उतार हाय. उताराले का लागते? दाखवा."

बाबांनी खाली पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं.
"मामाजी, ब्रेक नाईत. मले भेव लागून राह्यलं. मी पायी येतो."

"आयकलं का?" आजोबा आईला म्हणाले. "याले पोरगी द्यायची?"

"यायलेच द्या मले," आई म्हणाली. "जो मानूस सासऱ्यापुढं भेव लागते म्हनते, त्याच्यासंगं डोंगरात जाता येते, बा."

फार रोमँटिक वाटत असेल तर थांबा. ती त्यांच्यासोबत पायी उतरली नाही. "मी काहून पायी येऊ? माझ्या सायकलले ब्रेक होते!"

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात दोघं खरंच निघाले. सायकली लगेजमध्ये टाकल्या, बडनेऱ्याहून गाडी पकडली. मग गाड्या बदलत बदलत पार तिकडे, आणि शेवटच्या स्टेशनपासून सायकल.

रस्ता चहाच्या मळ्यांतून. अकोल्यासारखा सपाट.
डोंगर वेशीच्या पलीकडे सुरू होत होता, आणि वेशीवरच्या शिपायाने परवाना मागितला.

परवाना लागतो हे दोघांनाही माहीत नव्हतं.
स्वेटर विणले, नवे ब्रेक बसवले, पंक्चरचं सामान घेतलं. कुणाला विचारलं मात्र नाही. याला वऱ्हाडी प्लॅनिंग म्हणतात.

बाबा आपल्या हिंदीत शिपायाशी हुज्जत घालत राहिले.
आई एका दगडावर बसून पलीकडे पाहत राहिली. बराच वेळ.

परत आल्यावर मोहल्ल्यातल्या बाया अंगणात जमल्या.
"पायला का वो मास्तरीनबाई देश? काय करतात ते लोकं?"

आई म्हणाली, "एक बाई पायली. संत्रे विकत होती. तिनं पोराले दोन रपाटे हानले."
"अन् मंग?"
"मंग जवळ घेतलं. संत्रं सोलून देल्लं."
"अन्?"
"अन् काय? पोरगं रडता रडता खात होतं."



मग शेजारची म्हातारी म्हणाली, "हे तं आमी करतोच वो, माय!"

अंगण हसत सुटलं. आई सांगायची, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण काही परीक्षेला बसलेलो नाही.

त्यानंतर डब्याच्या वेळी तिला कुणी विचारलं तर ती शांतपणे म्हणायची, "राहतो. तुमी जसे राहता तसेच."

आईबाबांच्या लग्नात बुद्धवंदना अर्ध्यावर अडली होती. पुढचे शब्द कुणालाच येईनात. तसंच लग्न लागलं, तसाच संसार झाला. बाबाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आज दुपारी आईसाठी वंदना म्हटली. मागे कॉलनीतली पोरं उभी होती, गळ्यात हेडफोन, एकाची पँट गुडघ्यावर फाटकी. कुणी फोनमध्ये पाहिलं नाही. कुणी अडलं नाही. शेवटपर्यंत, एका सुरात.
मीच रडण्यात एक ओळ चुकले. त्यांनी सांभाळून घेतलं.

भावपूर्ण वगैरे लिहिलं तर ती हसेल. म्हणून एवढंच.

आई, नीट जा.
जय भीम.