खोलगट वळणावरच्या रेघा

आवाजाच्या दुप्पट वेगानं वाहणारी हवा वळणदार पृष्ठभागावरून जाताना तिची खळबळ वाढते की शमते, हा माझ्या पीएचडीचा विषय. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या वर्कशॉपमध्ये एक तात्या होते. निवृत्तीला आलेले, इंदापूरकडचे. त्यांनी मला पोलादाची एक पट्टी घडवून दिली. तिला आधी खोलगट वळण होतं, मग फुगीर.

पट्टीवर रंगीत तेल लावून आम्ही काही सेकंद हवा सोडली. फुगीर भागावर तेल एकसारखं पसरलं. खोलगट भागात मात्र हवेच्या दिशेनं बारीक रेघा उमटल्या. आम्ही त्यांचे फोटो काढले.

"तात्या, पॉलिश नीट झालेलं नाही," मी म्हणाले.

"माझ्या हातचा ओरखडा न्हाय तो, बाई."

मी ऐकलं नाही. अहवालात 'पट्टीचं काम सदोष' असं लिहून मोकळी झाले. तात्यांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते नरसिंहपूरला, आपल्या गावी गेले.

पट्टी बारामतीच्या एमआयडीसीत पुन्हा पॉलिशला द्यायची होती, म्हणून मी जवळच्या पिंपळीला घरी आले. माझ्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, जन्म साखर कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. माझी तक्रार ऐकून त्यांनी पट्टी हातात घेतली, डोळे मिटले आणि खोलगट भागावरून आडवं नख फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"कोण म्हणतं ओरखडं हायत? फोटो दाव."

मी लॅपटॉपवर दोन फोटो दाखवले. दोन्ही वेळी हवेचा दाब वेगळा होता. आबांनी ते शेजारी शेजारी लावायला सांगितले.

"ह्यात रेघा एकमेकीपासनं लांब हायत, त्यात दाट. ओरखडा काय जागा सोडून फिरतो व्हय?"

दोन महिने ते फोटो माझ्यासमोर होते आणि मी ते शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलेच नव्हते. खोलगट वळणावर पृष्ठभागालगतची हवा अस्थिर होते, तिचे दोरीसारखे पीळ पडतात आणि ते शेजारी शेजारी वाहत जातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण माझ्याच पट्टीवर ते दिसले, तेव्हा मी कारागिराला दोष दिला होता.

"आता त्या माणसाला काय सांगणार?" आबांनी विचारलं.

"फोन करते."

"लिवलंस ते चार लोकांनी वाचलं. फोन कसला करतीस? समोर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीनं नरसिंहपूरला गेलो. तात्या गोठ्यात वैरण टाकत होते. मी तिथंच उभ्या उभ्या माफी मागितली आणि त्यांना फोटो दाखवले. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला.

"मंजी ह्या रेघा हवेनं काढल्या?"

"हो. फुगीर भागावर हवा शांत होते, म्हणून तिथं नाहीत."

"आन वळण आनखी खोल केलं तर?"

"माहीत नाही, तात्या."

"मग करून बघाया पायजे," असं म्हणत त्यांनी आबांना बसायला घोंगडी टाकली. चहा होईपर्यंत दोघं पॉलिशच्या काचकागदांविषयी बोलत बसले. मला कुणी काही विचारलं नाही.

पुण्यात परतल्यावर मी अहवालातलं ते वाक्य काढलं आणि चूक माझी होती, असं सगळ्यांना लिहून कळवलं. सोमवारी तात्या कामावर आले. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी मला आणखी दोन पट्ट्या करून दिल्या.